कुंकू नको, तेल घाला

रविवारी दुपारी काका क्लबातून घरी आले, हातातली लांबोडकी पेटी वरच्या खोलीतल्या पोलादी कपाटात बंद करून खाली उतरले आणि जेवणाच्या टेबलाशी बसत, घरात कुणी आजारी असल्यासारख्या आवाजात म्हणाले, "शी इज नॉट सायकलिंग."

काकू पोळ्या लाटत होती. "कोण?"

"रायफल."

"मग बसनं पाठवा तिला," काकू म्हणाली आणि तव्यावरची पोळी उलटली.

मी हसले. काका हसले नाहीत. बंदुकीच्या बाबतीत त्यांना विनोद चालत नसे. बाकी कशाच्याही बाबतीत चालायचा, म्हणजे ते स्वतः करायचे तेव्हा.

त्या वर्षी मी हॅरोला काकांकडे राहून लंडनमध्ये शिकत होते. इराकचं युद्ध चाललं होतं. सरकार लांबच्या वाळवंटात जाऊन शस्त्रं शोधत होतं आणि इथे माझ्या सख्ख्या काकांच्या घरात, इस्त्री केलेल्या चादरींच्या शेजारी, एक शस्त्र लायसन्ससकट उभं होतं. पोलीस आले होते म्हणे तपासायला. कपाट भिंतीला घट्ट आहे ना ते हलवून पाहिलं, काकूच्या हातचा मसाल्याचा चहा प्यायले आणि समाधानानं गेले. वाळवंटातल्यांना चहा करता येत नसावा.

मी बंदुकीच्या विरोधात होते, हे सांगायला नको. मी ज्या घरात वाढले तिथे बंदुकीच्या बाजूनं असायला जागाच नव्हती. सगळी जागा पत्रकांनी व्यापलेली होती. इचलकरंजीत बाबा यंत्रमागावरच्या कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. महागाईवर, हुंड्यावर, अणुबाँबवर, नगरपालिकेच्या नळावर. इतर पोरांचे बाप रात्री गोष्ट सांगायचे, माझे मसुदा वाचून दाखवायचे. गुलाबी आणि पिवळ्या पातळ कागदावर मी अक्षरं गिरवली, आणि उद्गारचिन्ह हे पूर्णविरामाचं मोठं भावंड आहे अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. बाबांचा लिहिण्याचा नियम एकच होता: एका पत्रकात एकच मुद्दा. दोन घातले की वाचणारा त्याच्या सोयीचा तेवढा उचलतो आणि उरलेल्या कागदात भेळ खातो.

बाबांचं सगळ्यांत गाजलेलं पत्रक खंडेनवमीचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात. इचलकरंजीत त्या दिवशी माग बंद, मागाला झेंडूची माळ, हळदकुंकू, पुढे नारळ. वर्षभर ज्या यंत्रात माणसाची बोटं जातात त्याच्यासमोर तोच माणूस हात जोडून उभा. बाबांनी लिहिलं: यंत्र हा देव नाही. त्याला कुंकू नको, तेल घाला! भल्या पहाटे खळीची बादली घेऊन हे पत्रक भिंतीभिंतीवर चिकटवत जो कॉलेजकुमार हिंडला, तो बाबांचा धाकटा भाऊ. म्हणजे हे काका.

पुढे काका विलायतेला आले, हिशेबनीस झाले, डोक्यावरचे सगळे केस त्यांनी या देशाला अर्पण केले आणि एजवेअरच्या पलीकडच्या एका रायफल क्लबाचे सभासद झाले. पण तत्त्व सोडलं नाही, असं ते स्वतः सांगायचे. मला ते तत्त्व दिसायचं नाही. मला दिसायचं ते ट्वीडचं जाकीट. माझ्या चुलत बहिणीलाही तेच दिसायचं. ती इथेच जन्मलेली, कॉलेजात शिकणारी, आणि मराठीतली लिंगं चिठ्ठ्या टाकून ठरवणारी. पहिल्याच आठवड्यात तिनं मला एक शब्द शिकवला. "ताई, डॅड इज सच अ कोकोनट."

"म्हणजे?"

"बाहेरून ब्राउन, आतून व्हाइट. इथे आपली मुलं कोणालाही म्हणतात, जो इंग्लिश लोकांसारखा वागतो. व्हेरी बॅड वर्ड आहे. तू म्हणू नको."

मी लगेच म्हणू लागले. इतका नेमका शब्द बाबांनाही सुचला नसता. काका समोर नसताना आम्ही दोघी त्यांना याच नावानं ओळखायचो, आणि आपण साम्राज्यशाहीविरुद्ध काहीतरी करतो आहोत असं मला वाटायचं.

तर सायकल. काकांची रायफल लहान काडतुसांची, कागदावर नेम धरायची होती. पण अर्धस्वयंचलित. म्हणजे चाप एकदा ओढला की गोळी एकच सुटते, पुढचं काडतूस मात्र ती आपलं आपण भरते. गोळी सुटल्याच्या धक्क्यानं आतला बोल्ट, म्हणजे लोखंडी दट्ट्या, मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाजूच्या खिडकीतून बाहेर फेकतो, आणि स्प्रिंगच्या जोरानं पुढे येता येता मॅगझिनमधलं, म्हणजे खाली बसवलेल्या काडतुसांच्या खोक्यातलं, नवं काडतूस उचलून नळीत बसवतो. या येण्याजाण्याला सायकलिंग म्हणतात. काकांच्या रायफलीतला बोल्ट अर्ध्या वाटेतच दमायचा. मग पुंगळी खिडकीतच उभी अडकायची, गिरणीच्या धुराड्यासारखी, आणि काकांना ती बोटानं काढावी लागायची. शेजारी इंग्रज मंडळी शिस्तीत कागदाला भोकं पाडत असताना हे असे नाकातलं काढल्यासारखे.

हे सगळं त्यांनी मला टेबलावर मीठदाणी आणि काट्याचमच्यांची मांडणी करून समजावलं. मी म्हटलं, "निसर्गतःच अहिंसावादी दिसते. राहू द्या."

"तुला कळत नाही," काका म्हणाले. "टीम आहे."

आणि मग त्यांनी सांगितलं. शेजारच्या क्लबाशी सामना होता. ठरावीक वेळात भराभर बार काढायचे, म्हणून अर्धस्वयंचलितच हवी, आणि ती न अडकणारी हवी. संघ चौघांचा. तिघं ठरलेले, चौथ्या जागेसाठी कप्तानानं पहिल्यांदाच काकांचा विचार केला होता. संघात आलेल्याचं नाव क्लबाच्या फळ्यावर लागतं.

"फळ्यावर नाव लागावं म्हणून एवढं?"

काकांनी मीठदाणी जागेवर ठेवली. "मी तिथं इतकी वर्षं जातो. त्यांना माझं नाव घेता येत नाही. दोन अक्षरं म्हणतात आणि खोकतात. कप्तान माझी ओळख करून देतो ती 'आमचे हॅरोचे मित्र' अशी. एकदा लिहावं तरी लागेल की नाही?"

त्यावर माझ्याकडे उत्तर होतं. उत्तर माझ्याकडे नेहमीच असायचं. पण का कोण जाणे, त्या वेळी मी ते दिलं नाही.

पुढच्या रविवारी मी शत्रूची छावणी बघायला म्हणून त्यांच्याबरोबर गेले. शहरात नेणारी मेट्रोपॉलिटन रेल्वे लाइन दुरुस्तीसाठी बंद होती, त्यामुळे माझी निदर्शनं तशीही रद्दच झाली होती. काकांनी गाडीतला हीटर इतका वाढवला होता की मला कोकणात उतरल्यासारखं वाटलं. प्रत्यक्षात उतरलो ते एका ओल्या शेताच्या कडेला. विटांची लांब शेड, पुढून उघडी, पलीकडे मातीचा बांध. मी रक्तपिपासू सैतानांची अपेक्षा केली होती. फ्लीसची जाकिटं घातलेली म्हातारी माणसं होती, आणि ती गुलाबांना खत कोणतं घालावं यावर बोलत होती. पिस्तुलांवर बंदी आल्यापासून आम्ही रायफलीकडे वळलो, असं एकानं मला सांगितलं. ज्या सुरात आपल्याकडे माणसं साखर बंद केल्याचं सांगतात, त्याच सुरात.

शेडच्या टोकाला चहाची किटली आणि क्लबाच्या काडतुसांच्या पेट्या. दोन्हींचं खातं एका सत्तरीच्या बाईंकडे होतं. काडतुसं त्याच निवडायच्या, त्याच मागवायच्या, आणि चहाबरोबर बशीत एक बिस्किट ठेवायच्या. चहाला कुणाला नाही म्हणू देत नसत.

काका आडवे झाले. कप्तान, एक उंच, अत्यंत सभ्य गृहस्थ, मागे उभे राहिले. पहिलं मॅगझिन खटाखट रिकामं झालं. काकांनी माझ्याकडे वळून पाहिलं, बघ म्हणून. दुसऱ्यालाही फार तक्रार नव्हती. तिसऱ्याला धुराडं उभं राहिलं. मग प्रत्येक वेळी.

"नॉट आयडियल," कप्तान म्हणाले. इंग्रज माणूस 'नॉट आयडियल' म्हणतो तेव्हा समजावं की घराला आग लागलेली आहे. मग त्यांनी शांतपणे सांगितलं: पुढच्या रविवारी संघ फळ्यावर लिहायचा आहे. त्या दिवशी माझ्यासमोर मॅगझिनामागून मॅगझिन, न अडकता. नाहीतर चौथी जागा दातांच्या डॉक्टरांना द्यावी लागेल.

दातांचे डॉक्टर पलीकडे आपली रायफल पुसत होते. त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली. सगळे दात दाखवून.

काका उठले, गुडघे झटकले, आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल असं म्हणाले, "दोष माझ्या रायफलीत नाही. क्लबाची काडतुसंच निकृष्ट आहेत. जोरच नाही त्यांत."

शेडमध्ये एकदम गुलाबांची चर्चा थांबली. चहावाल्या बाईंनी काकांना चहा दिला. गरम, दूध साखर नेहमीइतकं. बशीत बिस्किट नव्हतं.

"बघितलंत?" परतताना मी म्हटलं.

"काय?"

"तुम्हाला वाळीत टाकलं."

"एका बिस्किटावरून?"

"आपल्याकडे हुक्का बंद करायचे. यांच्याकडे बिस्किट."

त्या आठवड्यात काकांनी जेवणाच्या टेबलावर रायफलीचा दवाखाना उघडला. ऑफिसातून आले की रायफल खाली आणायची, बोल्ट काढायचा, नळीतून कापडाचे तुकडे ओढायचे. नळी इतकी लखलखीत झाली की तीतून पाहिलं तर पलीकडे नवी बेडशीटं विकायला ठेवल्यासारखी वाटावीत. दोष नळीत नव्हता हा भाग वेगळा. पण माणसाला जे साफ करता येतं तेच तो साफ करतो. देशांचंही तसंच. मग काका स्प्रिंग बदलायचे, मॅगझिन पुसायचे, दुकानातून आणलेलं जास्त जोराचं महागडं काडतूस कौतुकानं हातात फिरवायचे, आणि शेवटी स्टीलच्या वाटीतून बोटभर तेल घेऊन बोल्टला प्रेमानं चोळायचे. कोरडं राहिलं असेल कुठे, म्हणून पुन्हा चोळायचे. बोल्ट हातानं मागेपुढे करून दाखवायचे. लोण्यातून सुरी जावी तसा तो जायचा.

"बघ, घरात काही प्रॉब्लेम नाही."

"काका, तुम्ही एकाच वेळी चार गोष्टी बदलताय. उद्या ती चालली तर कशानं चालली हे तुम्हाला कळणार कसं?"

"चालली म्हणजे झालं."

"एका पत्रकात एकच मुद्दा," मी म्हटलं.

काकांचा हात थांबला. हे वाक्य त्यांनी किती वर्षांत ऐकलं नव्हतं कुणास ठाऊक. "दादा अजून तसंच म्हणतो?" त्यांनी विचारलं, आणि नवी स्प्रिंग मुकाट्यानं काढून जुनी पुन्हा घातली.

अशा रीतीनं मी, युद्धविरोधी आघाडीची कार्यकर्ती, एका बंदुकीच्या दुरुस्तीची सल्लागार झाले. हात मी लावला नाही. माझं तत्त्व हात न लावण्यापुरतं शाबूत होतं.

बुधवारी संध्याकाळी क्लब उघडा असायचा. आम्ही फक्त मॅगझिन बदललं, कप्तानांचं उसनं घेतलं. रायफल सुरुवातीला चालली आणि मग अडकली. म्हणजे मॅगझिन निर्दोष. त्याच वेळी दातांच्या डॉक्टरांनी क्लबाच्याच पेटीतली काडतुसं त्यांच्या रायफलीतून धडाधड उडवली, एकही अडकलं नाही. मी काकांना ते दाखवलं.

"त्याची रायफल वेगळी," काका म्हणाले.

"काडतुसं तीच."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

खरं तर मला दुसरंच काहीतरी खुपत होतं. यंत्र वापरता वापरता मोकळं होतं. ही बया उलट वागत होती. घरात छान. गाडीतून आल्या आल्या छान. तिथे जरा वेळ पडून राहिली की आखडायची. वापरानं नव्हे, राहण्यानं बिघडणारी. या देशात येणाऱ्या बऱ्याच लोकांचं असंच होतं, पण रायफल तर इथलीच होती.

शनिवारी सकाळी घरातला बॉयलर बंद पडला. उठलो तर सगळं घर गार. काका कोट घालून टेबलाशी बसले होते आणि बोल्ट मागे ओढू पाहत होते. तो पाटीवर खडू ओढावा तसा अडखळत सरकत होता.

"काल रात्री तर चालत होती," ते माझ्याकडे रडवेल्या चेहऱ्यानं बघत म्हणाले.

तेवढ्यात वरून माझ्या बहिणीची आरोळी आली. "मम! माझा तेल कुठे आहे? रेडिएटरवर नाहीये!"

"असेल तिथंच," काकू स्वयंपाकघरातून ओरडली. "आणि बॉयलर बंद आहे, थिजलं असेल ते. गरम पाण्यात धर!"

विलायतेतल्या आपल्या घरांत खोबरेलाची बाटली रेडिएटरवर ठेवतात. नाहीतर तिची मेणबत्ती होते. मी हे येऊन पहिल्या दिवशी शिकले होते. आता मी टेबलाकडे पाहिलं. काकांच्या कोपराशी ती बाटली उभी होती, आतून पांढरीशुभ्र. शेजारच्या वाटीत पांढरा गोळा. आणि बोल्टच्या प्रत्येक खाचेत, काजळी मिसळलेली, करड्या सायीसारखी चिकट खीर.

"काका, तुम्ही बोल्टला हे लावताय?"

"तेल आहे ते."

"खोबरेल आहे!"

"तेल म्हणजे तेल. मागाला चालतं."

"इचलकरंजीत चालतं! इथे ते थिजतं!"

काकांनी बाटलीकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला. त्या डोक्याला खोबरेल लागून पंचवीसेक वर्षं झाली असतील. ती बाटली रेडिएटरवरच का ठेवतात, हे त्यांच्या खात्यात कधी आलंच नव्हतं.

मग हळूहळू उलगडलं. खंडेनवमीला, मी बाहेर युद्धाविरुद्ध पत्रकं वाटत हिंडत होते तेव्हा, घरात वेगळंच युद्ध झालं होतं. काकूनं सुरी, कात्री, मिक्सर, कॉम्प्युटर आणि गाडी यांना हळदकुंकू लावलं आणि रायफल बाहेर काढा म्हणाली, तिलाही लावते. काकांचं तत्त्व जागं झालं. जन्मभर सांगत आलो, यंत्राला कुंकू नको, तेल घाला! काकू म्हणाली, मग घाला, पण तुमचं ते रॉकेलसारख्या वासाचं तेल माझ्या टेबलावर आज नको, नैवेद्य मांडलाय. हे घ्या. आणि रेडिएटरवरची बाटली पुढे केली. काकांना उपाय पटला. तत्त्वही राहिलं, नैवेद्यही राहिला. त्या दिवसापासून रायफल अडकायला लागली, आणि ती अडकते म्हणून काका रोज आणखी तेल घालायला लागले.

काकू आता दारात येऊन उभी होती. तिनं वाटीतला पांढरा गोळा बघितला आणि तिच्या चेहऱ्यावर दसरा-दिवाळी एकदम आली.

"मी काय म्हणत होते? कुंकू लावू द्या म्हणत होते की नाही? अहो, एक टिकली लावली असती वरून, काय अडलं असतं?"

पत्रकांवर वाढलेल्या आम्हा दोन्ही पिढ्यांना हे कबूल करावं लागलं. कारण खरंच, काही अडलं नसतं.

मी फोनचं कार्ड काढून इचलकरंजीला फोन लावला. बाबांना सगळं सांगितलं आणि जाब विचारला: पत्रकात तेल घाला एवढंच लिहिलंत, कोणतं ते का नाही लिहिलं? मग बाबा म्हणाले, "एका पत्रकात एकच मुद्दा."

बोल्ट साफ करायला दुपार गेली. काकांनी एकेक खाच पुसली, योग्य त्या तेलाचा थेंब थेंबासारखाच लावला, आणि मग ती महागड्या काडतुसांची डबी काढून पेटीशेजारी ठेवली.

"ही कशाला?"

"उद्यासाठी. जोर जास्त आहे. रिस्क नको."

"म्हणजे रायफल चालणार, आणि सगळे म्हणणार, बघा, काडतुसं बदलली आणि सुटला प्रश्न."

"म्हणू दे."

"आणि त्या बाई?"

काका डबीशी चाळा करत राहिले. "त्या बाईंना कुणी काही म्हणत नाहीये."

"तुम्ही म्हणालात. सगळ्या शेडसमोर. निकृष्ट म्हणालात."

"अगं, उद्या एकदा माझं नाव लागू दे, मग मी सावकाश सांगेन."

"पत्रकात चूक झाली तर तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती छापायची. हे मला कुणी शिकवलं? तुमच्याच भावानं."

काका आता चिडले. "तुला काय गं? तू बंदुकीच्या विरोधात. माझी जागा गेली तर तू पेढे वाटशील. तिथे मी उठून सांगू, की मी बंदुकीला केसांचं तेल लावलं? मी? हे डोकं घेऊन? तो कप्तान मला संघात घेईल का पुन्हा?"

"मी बंदुकीच्या विरोधात आहे," मी म्हटलं. "बाईंच्या नाही."

त्यांनी डबी पेटीत टाकली आणि पेटी वर नेली.

रविवारी माझी बहीणही आली. तिला डॅडची फजिती बघायची होती, आणि ती तसं स्वच्छ सांगत होती. थंडी अशी होती की चहाच्या वाफेला रांग लागली होती. कप्तान हात मागे बांधून उभे. डॉक्टर तयारीत. बाई किटलीमागे. काकांनी पेटी उघडली, महागडी डबी बाहेर काढून चटईवर ठेवली. मी दुसरीकडे बघायला लागले. मग मला त्यांच्या बुटांचा आवाज ऐकू आला. ते शेडच्या टोकाला चालत गेले आणि बाईंसमोर उभे राहिले.

"क्लबाची काडतुसं द्याल का?" ते म्हणाले. "मागच्या वेळचीच."

बाईंनी पेटी पुढे सरकवली.

काकांनी रायफल तशीच उघड्यावर ठेवून दिली, चांगली गार होईपर्यंत. कप्तानांना कारण कळेना, पण ते विचारण्याइतके असभ्य नव्हते. मग काका आडवे झाले. पहिलं मॅगझिन गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला मी श्वास धरून होते, आणि एका बंदुकीनं गोळ्या नीट झाडाव्यात म्हणून मी श्वास धरला आहे, हे लक्षात येऊनही मला तो सोडता येईना. पुंगळ्या उजवीकडे टपटप पडत राहिल्या. धुराडं उभं राहिलं नाही. चौथंही संपलं.

"स्प्लेंडिड," कप्तान म्हणाले. "काडतुसं बदललीत वाटतं?"

इथे काकांना नुसती मान हलवता आली असती. ते उठून उभे राहिले. गुडघे झटकले. आणि ज्या आवाजात मागच्या वेळी बोलले होते त्याच आवाजात, सगळ्या शेडला ऐकू जाईल असं म्हणाले, "नाही. काडतुसं यांचीच. त्यांत काही दोष नव्हता. मी चुकीचं तेल वापरत होतो. कोकोनट ऑइल."

डॉक्टरांनी पुसायचं फडकं खाली ठेवलं.

"केसांना लावतात ते," काकांनी पूर्ण खुलासा केला.

कप्तानांची नजर अत्यंत सभ्यपणे काकांच्या डोक्याकडे गेली आणि तितक्याच सभ्यपणे परत आली. मग किटलीमागून एक आवाज आला. बाई हसत होत्या, एका हातानं टेबल धरून. शेड हसायला लागली. डॉक्टर तर अशा रीतीनं हसत होते की दातांची निगा कशी राखावी याचा नमुनाच. बाईंनी चहाचा कप भरला, बशीत दोन बिस्किटं ठेवली आणि स्वतः चालत आणून काकांच्या हातात दिला.

कप्तान फळ्याकडे वळले. तीन नावं लिहिली. चौथ्या ओळीवर आले, काकांच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं आणि नेहमीप्रमाणे खडू अडकला. ते खोकले. मग ते अक्षर बाहीनं पुसून, मोठ्या प्रेमानं, ठळक अक्षरांत लिहिलं: कोकोनट.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बहिणीचा चेहरा पांढरा पडला. "ओ माय गॉड. ताई, त्यांना माहीत नाही. तू बोल ना काहीतरी!"

बोलणं हे तर माझंच काम. वंश, साम्राज्य, नाव या तिन्हींवर माझ्याकडे भाषण तयार होतं, आणि मी एक पाऊल पुढे टाकलंही. काकांनी हातातला चहा न सांडता माझी बाही धरली.

"थांब."

"काका, त्या शब्दाचा अर्थ इथे..."

"माहितीये अर्थ," काका मराठीत, हलक्या आवाजात म्हणाले. "घरात ऐकतो मी. भिंती पातळ आहेत इथल्या."

माझी बहीण बुटांकडे बघायला लागली. मीही. ओल्या काँक्रीटवर खूप पुंगळ्या पडल्या होत्या.

तिकडे कप्तान पाहुण्या क्लबाच्या कुणाला तरी फोनवर संघ वाचून दाखवत होते. तीन नावं झाली, चौथं आलं. काकांनी एक बिस्किट चहात बुडवलं आणि कान तिकडे दिला.

"ऐक," ते म्हणाले. "बघ, एकदासुद्धा अडकला नाही."